फियाटला इलेक्ट्रॉनिक किट बसवलं तरी घाटात बंद पडतीय, मॉड्यूल सारखं जळतंय? आधी कॉइलचे ओहम मोजा

ही तक्रार इतक्या जणांकडून ऐकलीय की एकदा सगळं लिहूनच टाकतो. पद्मिनी असो नाहीतर तिच्या आधीची फियाट ११०० डी, पॉइंट (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा यांत्रिक स्विच) काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवलं, सुरवातीला गाडी एकदम मख्खन, सकाळी अर्ध्या सेल्फला स्टार्ट, पिकअप सुधारला, माणूस खूश. मग एप्रिल-मे येतो, खंबाटकी नाहीतर पसरणीचा घाट चढताना गाडी तुटायला लागते, सायलेन्सरमधून एकदोन फटाके आणि बंद. बॉनेट उघडून जरा थांबलं, इंजिन निवलं की परत चालू, जणू काही झालंच नाही. असं होत होत एक दिवस ती चालूच होत नाही, मॉड्यूल, म्हणजे किटमधला करंट तोडणारा इलेक्ट्रॉनिक भाग, गेलेलं असतं. नवीन मॉड्यूल आणा, परत तेच चक्र. मग किटला शिव्या, विकणाऱ्याला शिव्या आणि शेवटी परत पॉइंटवर.

माझ्या बघण्यात जी मॉड्यूल जळाली त्यातल्या बहुतेकांच्या मागं चुकीची कॉइल (बॅटरीचं व्होल्टेज वाढवून प्लगला देणारा डबा) होती, आणि घाटात गाडी बंद पडायचं कारण बऱ्याचदा कॉइलपर्यंत येणारी जुनी वायरिंग. ही दोन वेगळी दुखणी आहेत, पण एकाच गाडीत दोन्ही असली की ती एकमेकांना झाकतात आणि माणूस पार चक्रावून जातो, त्याचा किस्सा खाली सांगतो.

त्याआधी पेट्रोल की करंट हे भांडण मिटवा. घाटात गरम गाडी बंद पडली की आपल्याकडं पहिला निकाल ठरलेला, व्हेपर लॉक झालंय, म्हणजे पेट्रोलची पाइपात वाफ झालीय, पंपावर ओलं फडकं टाका. फडकं टाकेपर्यंत दहापंधरा मिनिटं जातात, तेवढ्यात कॉइल पण निवते, गाडी चालू होते आणि क्रेडिट फडक्याला. फरक असा की करंट गेला की गाडी किल्ली फिरवल्यासारखी एकदम तुटते, पेट्रोल कमी पडलं की आधी ओढ कमी होते, हुंदके देते, चोक थोडा ओढला की जरा सावरते. बंद पडल्या पडल्या, निवायच्या आत, एअर फिल्टरचं झाकण काढून हाताने थ्रॉटल दाबा, पंप जेट असलेला कार्ब्युरेटर असेल तर पेट्रोलची धार दिसायला पाहिजे. धार आहे म्हणजे कार्ब्युरेटरच्या बाउलमध्ये पेट्रोल आहे. मग डिकीत ठेवलेला जादा प्लग एका प्लगच्या वायरला लावा, प्लगचं अंग जंपर वायरने इंजिनला पक्कं अर्थ करा, कार्ब्युरेटरपासून लांब ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळी, कडक, टक टक आवाज करणारी पाहिजे. पिवळी, बारीक, मधेच गायब होणारी असेल तर पेट्रोलच्या मागं लागू नका. आणि इलेक्ट्रॉनिक किट असताना कॉइलची मधली वायर मोकळी लोंबत ठेवून सेल्फ मारायचा नाही, ठिणगीला जायला वाट नसली की तो धक्का कॉइलच्या आत नाहीतर मॉड्यूलवर बसतो.

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, त्यातलं बरंचसं आपल्याच कारखान्यांच्या उसाचं, त्यामुळं बोलणार तरी कुणाला, पण जुने रबरी होज आणि पंपाचा डायफ्राम इथेनॉलपुढं टिकत नाहीत हे खरंय. ते बदलाच. फक्त करंटच्या दुखण्याला ते औषध नाही.

तर कॉइल. पॉइंट बंद असताना, म्हणजे त्याच्या टिकल्या एकमेकींना टेकलेल्या असताना, बॅटरीचा करंट कॉइलच्या जाड गुंडाळीतून जातो, चुंबकत्व तयार होतं, पॉइंट उघडला की ते एका झटक्यात कोसळतं आणि बारीक गुंडाळीत दहावीस हजार व्होल्ट तयार होऊन प्लगला जातात. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमवर फिरत असेल तर हे सेकंदाला १०० वेळा होतं. पॉइंटच्या टिकल्या एवढा करंट तोडून तोडून जळतात, खालची फायबरची टाच घासते, गॅप कमी होतो, गॅप कमी झाला की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागं जातं आणि गाडी हळूहळू मरगळते, आपल्याला कळतसुद्धा नाही. म्हणून अपग्रेड करण्यात चूक काहीच नाही. पॉइंटच्या जागी ट्रान्झिस्टर आला, घासणारं काही राहिलं नाही, टायमिंग एकदा लावलं की जागेवर राहतं. पण पॉइंट बिचारा ओव्हरलोड झाला तर काळा पडतो, पॉलिश पेपर मारला की अजून थोडे दिवस चालतो. ट्रान्झिस्टरला पॉलिश पेपर नसतो.

बाजारात दिसायला सारख्याच दोन जातीच्या कॉइल मिळतात. एक साधारण ३ ओहमची, थेट १२ व्होल्टवर चालणारी. दुसरी साधारण १.५ ओहमची, जिच्या आधी वायरमध्ये करंट आवरणारा एक बॅलास्ट रेझिस्टर लागतो, मग दोन्ही मिळून परत ३ च्या आसपास. बऱ्याच बॅलास्टवाल्या कॉइलवर बाहेरचा रेझिस्टर वापरा असं छापलेलं असतं, पण तोपर्यंत तेलामातीत ते लेबल कुठलं दिसायला. चालू इंजिनवर गाडीचं व्होल्टेज १४ धरा. १४ भागिले ३, साडेचार अँपिअरच्या वर थोडं. १४ भागिले १.५, नऊ अँपिअरच्या वर. साध्या किटचं मॉड्यूल पहिल्या आकड्यासाठी बनवलेलं असतं, दुसऱ्या आकड्यावर ते काही दिवस तग धरतं आणि जातं. प्रत्यक्षात चालू इंजिनवर करंट सारखा चालू-बंद होत असल्यामुळं सरासरी कमी भरते, पण ट्रॅफिकमध्ये आयडलिंगला, बॉनेटखाली तापलेलं असताना, तेवढी सवलत पुरत नाही. काही चांगली मॉड्यूल करंट स्वतःच आवरतात आणि त्यांना उलट कमी ओहमचीच कॉइल लागते, म्हणून किटबरोबरचा कागद फेकू नका, त्यावर कमीत कमी किती ओहमची कॉइल हे लिहिलेलं असतंच.

मोजायला काही लागत नाही, दोनतीनशे रुपयांचा मल्टीमीटर बास. कॉइल थंड असताना दोन्ही बारीक वायरी काढा, मीटर २०० ओहमवर, आधी मीटरच्या दोन पिना एकमेकांना टेकवून काय दाखवतो ते बघा, ०.३ नाहीतर ०.५ काहीतरी असेल, ते वजा करायचं. हे न करता १.९ ला कोण २ म्हणतं, कोण ३ म्हणून सोडून देतं. मग प्लस-मायनस टर्मिनलला पिना. नंतर प्लस आणि मधला टॉवर (जाड वायर जिथं बसते ते भोक), तिथं काही हजार ओहम यायला पाहिजेत, साधारण पाच ते पंधरा हजारात. एकदम शून्य किंवा अनंत असेल तर कॉइल गेली. मात्र थंडीत ठीक दाखवणारी कॉइल गरम झाल्यावर आतून तुटू शकते, म्हणून गाडी घाटात बंद पडली की तिथल्या तिथं पण एकदा मोजा. तांब्याचा ओहम गरम झाल्यावर वाढतोच, ३० डिग्रीची कॉइल ९० ला गेली की ३ चे ३.७ च्या आसपास होतात, तेवढं नॉर्मल आहे.

आता किस्सा. साताऱ्याच्या एका काकांची पद्मिनी. गाडी मूळ सांगलीची, २०१९ च्या ऑगस्टच्या महापुरात तिथंच पार्किंगमध्ये पाण्यात उभी होती, काकांनी ती नंतर घेतली, इंजिन खोलून केलं, सीट-बीट सगळं नवीन. किट बसवलं, गाडी चालायची पण पसरणी चढताना दम टाकायची. एका इलेक्ट्रिशियनने सांगितलं कॉइलला व्होल्टेज कमी येतंय, रिले टाकू, म्हणजे किल्लीच्या इशाऱ्यावर बॅटरीचा करंट थेट कॉइलला सोडणारा स्विच. रिले टाकला, गाडी अशी पळायला लागली की काका म्हणाले नवीन घेतल्यासारखी वाटतीय. आणि थोड्याच दिवसांत मॉड्यूल जळलं. काकांनी रिले काढायला लावला, नवीन मॉड्यूल टाकलं, ते टिकलं पण गाडी परत घाटात दम टाकायला लागली, आणि पुढच्या उन्हाळ्यात तेही गेलं. त्यांच्या जुन्या मिस्त्रीचं म्हणणं ठाम, "ह्या इलेक्ट्रॉनिकच्या नादाला लागू नगा काका, पॉइंटवर गाडी चाळीस वर्सं चालली का न्हाई?" काकांचं म्हणणं रिलेने वाटोळं केलं. इलेक्ट्रिशियनचं म्हणणं किटच भंगार.

मी गेलो तेव्हा गाडी पॉइंटवर होती, हे बरंच झालं, कारण मोजायला पॉइंट सोपे. डिस्ट्रीब्यूटरचं (ठिणगी आळीपाळीने प्लगना वाटणारा भाग, पॉइंट त्याच्याच आत असतात) झाकण काढलं, फॅन पट्ट्याने इंजिन थोडं थोडं फिरवून पॉइंट बंद येतील असं ठेवलं. काकांना म्हटलं, किल्ली फक्त ऑन करा, सेल्फ मारू नका. मीटरची काळी पीन बॅटरीच्या मायनसला, लाल कॉइलच्या प्लसला. मीटरवर ८.९.

"नऊच? बॅटरी डाऊन असंल."

बॅटरीवर मोजलं, १२.५. मग मी पॉइंटच्या मधे व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा सरकवला आणि परत कॉइल प्लसला बघितलं, चक्क १२.५. काका म्हणाले आता कसं काय आलं? आलं कारण कार्डामुळं करंट वाहायचा थांबला. वायरमध्ये कितीही गंज असला तरी करंट वाहत नसेल तोवर मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो, आणि इथंच निम्म्या लोकांची फसगत होते, टेस्ट लॅम्प किंवा मीटर लावतात, बारा व्होल्ट दिसतात, वायरिंग ओके म्हणून पुढं जातात. मोजायचं ते पॉइंट बंद असताना, करंट वाहताना. बॅटरी आणि कॉइल प्लसच्या आकड्यातला फरक म्हणजे गळती, ती अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर शोध घ्या, एक व्होल्टच्या वर असेल तर तोच तुमचा आजार धरा. एक व्होल्ट म्हणजे किरकोळ वाटतं, पण ठिणगीची ताकद करंटच्या वर्गावर जाते, १२ चे ११ झाले की ताकद जवळपास १६ टक्क्यांनी उतरते. आणि फुल थ्रॉटलला चढावर सिलिंडरमधलं प्रेशर जास्त असतं, तिथं ठिणगी उडायला व्होल्टेजही जास्तच लागतं, म्हणून हायवेला सपाटीवर काही कळत नाही आणि घाटात सगळं बाहेर पडतं.

काकांच्या गाडीत साडेतीन व्होल्टच्या वर गळत होते. बॅलास्ट कुठंच नव्हता, मी वायर बोटाने धरून शेवटपर्यंत गेलो. मग कॉइलच्या वायरी काढून ओहम मोजले, १.५. कुणीतरी कधीतरी दुसऱ्याच गाडीची बॅलास्टवाली कॉइल आणून बसवलेली. हिशोब लगेच लागला. १.५ च्या कॉइलला ८.९ व्होल्ट म्हणजे सहा अँपिअरच्या जवळपास, आणि उरलेले व्होल्ट खाणारा साधारण अर्ध्या ओहमचा अडथळा वायरिंगमध्ये कुठंतरी बसलाय. डॅशबोर्डखाली हात घातला, इग्निशन स्विचची मागची बाजू कोमट लागली. स्विच बाहेर काढला तर टर्मिनलवर हिरवा गंज, फ्यूज बॉक्सजवळच्या बुलेट कनेक्टरमध्ये तसाच. पुराच्या पाण्यात राहिलेली गाडी, दुसरं काय असणार.

म्हणजे तो गंजच इतके दिवस बॅलास्टचं काम करत होता. गंजामुळं ठिणगी कमकुवत, पण मॉड्यूलला थोडं संरक्षण, म्हणून ते उन्हाळ्यापर्यंत टिकायचं. रिले टाकला तेव्हा गंज बाजूला पडला, १४ व्होल्ट थेट १.५ ओहमवर, नऊ अँपिअर, गाडी पळाली आणि मॉड्यूल गेलं. रिले बरोबर होता, कॉइल चुकीची होती. शेवटी ३ ओहमची कॉइल टाकली, रिले परत बसवला, स्विच बदलला, नवीन मॉड्यूल आणलं, आणि आता काका ती घेऊन पाचगणीला जातात. मिस्त्री अजून म्हणतो पॉइंटच बरे, ते चालायचंच.

रिले जोडायचा असेल तर ३० नंबरला बॅटरीवरून १५ अँपिअरचा फ्यूज लावून जाड वायर, ८७ वरून कॉइल प्लसला, ८६ ला किल्लीकडून येणारी जुनी कॉइलची वायर, ८५ बॉडीला. अल्टरनेटरवाल्या गाडीत कधीकधी किल्ली बंद केली तरी इंजिन चालूच राहतं, घाबरू नका, चार्जिंगच्या लाल दिव्याच्या वायरमधून रिलेला उलटा फीड मिळत असतो, त्या दिव्याच्या लाईनमध्ये एक डायोड टाकला की थांबतं. आणि गाडीत कंपनीचा बॅलास्ट असेल, तो तुम्हाला ठेवायचा असेल, तर मॉड्यूलची लाल वायर बॅलास्टच्या आधी, किल्लीच्या बाजूला जोडायची. बॅलास्टच्या नंतर जोडली तर मॉड्यूलला सातआठ व्होल्ट मिळतात आणि ते नीट चालत नाही. ह्याच बॅलास्टची अजून एक गंमत, सेल्फ मारताना गाडी चालू होते आणि किल्ली सोडली की लगेच मरते, असं होत असेल तर बॅलास्ट तुटलाय किंवा स्विचचा रनिंगचा कॉन्टॅक्ट गेलाय, कारण सेल्फच्या वेळी कॉइलला वेगळ्या वायरने थेट व्होल्टेज जातं.

पोरं किल्ली ऑन करून गाडीत गाणी लावून बसतात, ते बंद करा. इंजिन बंद, पॉइंट नेमके बंद अवस्थेत थांबलेले, ३ ओहमच्या कॉइलमधून चार अँपिअर सतत, म्हणजे ४८ वॅट, सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता त्या डब्यात. स्वस्तातली मॉड्यूल पण किल्ली ऑन असताना कॉइल चालूच ठेवतात. टेपला ॲक्सेसरीची वेगळी लाईन घ्या.

आता अर्थिंग, त्यात लोक सगळ्यात जास्त कंटाळा करतात. डिस्ट्रीब्यूटरच्या आत, ज्या प्लेटवर पॉइंट किंवा सेन्सर बसतो ती प्लेट व्हॅक्यूम ॲडव्हान्समुळं (इंजिनच्या ओढीवर टायमिंग पुढंमागं करणारी डबी) थोडी थोडी फिरते, आणि तिला बॉडीशी जोडणारी एक छोटी विणलेली वायर असते. वर्षानुवर्षं वाकून वाकून ती आतून तुटते, वरचं कव्हर तसंच राहतं, दिसायला एकदम चांगली. ह्याची खूण पक्की आहे. आयडलिंगला ठीक, फुल रेस दिली तरी ठीक, पण हायवेला पन्नास-साठच्या स्पीडला पाय हलका ठेवला की गाडी झटके देते. हलक्या पायाला व्हॅक्यूम जास्त, प्लेट ओढली जाते, वायर ताणली जाते आणि कॉन्टॅक्ट सुटतो, पाय दाबला की व्हॅक्यूम पडतो, प्लेट परत येते, वायर टेकते. मी एका गाडीत चिमट्याने त्या वायरचं टोक हलकेच ओढलं तर अख्खी वायर कव्हरमधून सापाच्या कातीसारखी बाहेर आली, आत तांब्याचा चुरा. मोजायचं असेल तर पॉइंट बंद, किल्ली ऑन, लाल पीन कॉइल मायनसला आणि काळी बॅटरी मायनसला, ०.२ ते ०.३ च्या आतच पाहिजे, आणि बघताना व्हॅक्यूमच्या नळीने तोंडाने ओढून प्लेट फिरवा. आकडा उडाला की वायर बदला, मऊ बारीक तारांचीच घ्या, घरच्या लाईट फिटिंगची वायर टाकली तर महिन्यात तुटेल.

इंजिन ते बॉडीची जाड पट्टी पण बघा. इंजिन उतरवून परत चढवलेल्या गाड्यांत ती हमखास राहून गेलेली असते, मग सेल्फचा करंट चोकच्या केबलमधून नाहीतर ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परत जातो, केबल तापते, आणि मॉड्यूलला अर्थ कसला मिळतो ते देवाला माहीत.

डिस्ट्रीब्यूटरचा दांडा धरून आडवा हलवून बघा. बुश झिजला असेल तर पॉइंटवर प्रत्येक सिलिंडरला गॅप वेगळा पडतो, टायमिंग लाईट लावली तर खूण एका जागी थांबत नाही, नाचते. इलेक्ट्रॉनिक सेन्सर हे थोडं खपवून घेतो, पण खेळ जास्त असला तर फिरणारी मॅग्नेटची रिंग सेन्सरला घासते आणि सेन्सर फुटतो. त्यांच्यातला गॅप किटच्या कागदावर असतो, साधारण पाऊण मिलिमीटर. दांडा हाताने एका बाजूला दाबून गॅप बघा आणि दुसऱ्या बाजूला दाबून परत बघा. बुशसाठी अख्खा डिस्ट्रीब्यूटर बदलायची गरज नाही. ज्या भागात १९१० पासून किर्लोस्करवाडी आहे तिथं लेथवाल्यांची काय कमतरता, कुपवाड एमआयडीसीत नाहीतर मिरजेत ब्राँझचा बुश टर्न करून रीमर मारून मिळतो, फक्त दांडा बरोबर न्या, नुसतं माप सांगून करू नका. सिंटर्ड ब्राँझ (पावडर दाबून केलेलं, तेल शोषणारं) असेल तर बसवायच्या आधी रात्रभर तेलात बुडवून ठेवा.

रोटर, म्हणजे डिस्ट्रीब्यूटरमध्ये फिरून ठिणगी एकेका प्लगकडं पाठवणारा तुकडा. हल्ली मिळणाऱ्या डुप्लिकेट रोटरमध्ये पितळी पट्टी रिव्हेटने बसवलेली असते आणि रिव्हेट खाली दांड्याच्या इतकी जवळ जाते की गरम झालं की ठिणगी प्लगला जायच्या ऐवजी रोटर भेदून दांड्यात जाते. थंड असताना ठीक, गरम झाल्यावर तुटते, लक्षणं कॉइलसारखीच. रिव्हेट नसलेला, एकसंध मोल्ड केलेला रोटर मिळाला तर दोन पैसे जास्त द्या. झाकणाच्या आत मधला कार्बनचा तुकडा स्प्रिंगवर नाचतो का बघा, आणि टॉवरच्या मधे पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ असेल तर झाकण टाकून द्या, ती घासून जात नाही. महाबळेश्वरच्या पावसात जी गाडी सकाळी चालू होत नाही तिचं झाकण आधी कोरड्या फडक्याने आतून पुसा, निम्म्या वेळा तेवढ्यानेच भागतं.

किट बसवताना जुना कंडेन्सर (पॉइंटच्या टिकल्यांवरची ठिणगी दाबणारी छोटी डबी) काढायचा, बहुतेक किटमध्ये तो चालत नाही, आणि तो तसाच ठेवून गाडी मिसिंग करतीय म्हणणारे बरेच भेटतात. मॉड्यूल बाहेर बसणारं असेल तर एक्झॉस्टपासून लांब, गार्डच्या पत्र्यावर, मागं थर्मल पेस्ट लावून, रंग खरवडून बसवा. नुसत्या तांब्याच्या प्लग वायरी काही मॉड्यूलना त्रास देतात, रेडिओत खरखर तर येतेच, म्हणून रेझिस्टन्सवाल्या वायरी घ्या. प्लगचा गॅप लगेच वाढवू नका. पॉइंटवर ०.६ ते ०.७ मिलिमीटर होता तो आधी तसाच ठेवून गाडी चालवा, सगळं नीट झालं की ०.८ करून बघा. आणि फायरिंग ऑर्डर १-३-४-२ तीच राहते, पण टायमिंग मात्र परत लावावंच लागतं, सेन्सरची जागा पॉइंटच्या जागेपेक्षा थोडी वेगळी असते. टायमिंग न लावता नुसतं किट टाकून गाडी गरम होतीय, नॉकिंग करतीय म्हणणं बरोबर नाही.

ज्यांना मिस्त्रीचं पण ऐकायचंय आणि टिकल्या पण जाळायच्या नाहीत त्यांच्यासाठी मधला रस्ता आहे, पॉइंट ठेवायचे पण त्यांना फक्त इशारा द्यायचं काम, कॉइलचा करंट बाहेरच्या ट्रान्झिस्टरवरून. टिकल्यांतून अर्धा अँपिअरसुद्धा जात नाही, त्या वर्षानुवर्षं चकचकीत राहतात. टाच मात्र घासतच राहते, तिथं ग्रीसचा ठिपका द्या, जास्त नको, उडून टिकल्यांवर बसतं. बॉक्स गेला तर दोन वायरी बदलल्या की गाडी परत साध्या पॉइंटवर. लांब जाणाऱ्यांना मला हाच प्रकार जास्त आवडतो, दिसायला मॉडर्न नाही, असू दे.

पूर्ण किट टाकलं असेल तरी जुनी प्लेट, त्यावर गॅप सेट करून ठेवलेले पॉइंट आणि चांगला कंडेन्सर असा सेट फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवा. कंडेन्सर नवीन म्हणून चांगला असं धरू नका, हल्लीचे डबीतूनच गेलेले निघतात, गाडीत लावून गरम करून एकदा चालवून बघितलेला जुनाच ठेवा. बरोबर एक स्क्रूड्रायव्हर, फिलर गेज आणि डिस्ट्रीब्यूटरच्या अंगावर टायमिंगसाठी मारलेली पंचची खूण. आणि विचारायला फोन कराल तेव्हा बॉनेटचे फोटो नंतर पाठवा, आधी चार आकडे सांगा: कॉइलचे ओहम, करंट वाहताना कॉइल प्लसचं व्होल्टेज, कॉइल मायनसचं व्होल्टेज, आणि इंजिन चालू असताना बॅटरीवर किती येतंय.